दादांची दाढ आणि गेटवरचा बोर्ड

*सुलभा, बी-३०४:* ग्रुपवर विचारायला संकोच वाटतोय, पण यांना रात्र रात्र झोप नाही. खालची डावी दाढ. आडवं झालं की ठणका सुरू, गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं. उद्या ११ वाजता रूट कॅनॉलला बोलावलंय आणि आत्ता म्हणतायत, जात नाही. खरंच एवढं दुखतं का हो? शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे.

*निखिल, डी-५०३:* मीटिंगला भल्याभल्यांचे दात घशात घालणारे दादा एका दाढेला घाबरले? 😄

*सेक्रेटरी:* ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच वापरावा ही नम्र विनंती. उद्या १० ते १ टाकी सफाई, पाणी बंद.

*देशपांडे काका, ए-१०२:* रूट कॅनॉल झाल्यावर कॅप घातल्याशिवाय सोडू नका.

*आजोबा, ए-४०१:* लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्याने लावावे. डॉक्टरांच्या नादी लागू नये.

*मीनाताई, बी-१०१:* मी तर म्हणते उपटून टाका, कटकट गेली. फक्त वरची असेल तर नको, डोळ्यांवर परिणाम होतो.

*पटवर्धन काकू, सी-२०१:* डोळ्यांचा काही संबंध नाही, सूनबाई नेहमी सांगते. ती आत्ता क्लिनिकमध्ये आहे. सुलभा, कुठे बोलावलंय?

*सुलभा, बी-३०४:* स्टेशनजवळ.

*पटवर्धन काकू, सी-२०१:* बरं.

*पटवर्धन काकू, सी-२०१:* गेटवर क्लिनिकचा छोटा बोर्ड मागितला तेव्हा ‘ही रहिवासी सोसायटी आहे’ असं उत्तर मिळालं होतं. आता रहिवाशांचे दात दुखायला लागले. चालायचंच 🙏

*सेक्रेटरी:* काकू, तो विषय कमिटीत संपलाय.

*पटवर्धन काकू, सी-२०१:* ए विंगच्या पार्लरचा बोर्ड मात्र कमिटीला दिसत नाही.

*वर्षा, ए-००३:* माझं नाव घेऊन बोला ना. तो बोर्ड माझ्या खिडकीत आहे, गेटवर नाही.

*देशपांडे काका, ए-१०२:* कॅपचं कुणी वाचलं का?

*सचिन, सी-४०५:* वहिनी, माझं मागच्या दिवाळीआधी झालं. सुई टोचते तेवढीच. मग अर्धी जीभ आणि ओठ बधिर. मध्येच छाती धडधडली, मी टरकलो. डॉक्टर म्हणाल्या, भुलेच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन असतं, थांबेल. थांबलं. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात, फक्त दाढ बाहेर, त्यामुळे घशात काही जात नाही. मग बारीक बारीक फाइली मुळात घालून आतली नस साफ करतात. एक छोटं यंत्र टुकटुक करत असतं, मुळाचं टोक जवळ आलं की त्याचा सूर बदलतो. औषधाने मुळं धुताना स्विमिंग पूलसारखा वास येतो. दुखलं नाही, पण आ वासून जबडा पार अवघडला. घरी येऊन चहा घेताना बधिर ओठ चावला, तेच जास्त झोंबलं.

*निखिल, डी-५०३:* म्हणजे घरात दोन-तीन तास शांतता. वहिनी, हे आधी सांगा त्यांना 😂

*मीनाताई, बी-१०१:* मला तर भूल चढलीच नव्हती!! आधीच सांगते.

*आजोबा, ए-४०१:* लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्याने लावावे.

*डॉ. मुग्धा, सी-२०१:* आत्ता क्लिनिक बंद केलं. सुलभाकाकू, मीनाताईंचं खरं आहे. नस सुजलेली असली की भूल कमी चढते, खालच्या दाढेत जास्तच. पण परत देता येते. दुखलं तर काकांनी डावा हात वर करायचा, सहन करत बसायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फक्त सांगा. उद्या संकष्टी असली तरी शुगरची गोळी आणि नाश्ता नेहमीसारखा, उपाशी जायचं नाही. एका बैठकीत होईल की दोन-तीन, ते दाढ उघडल्यावर ठरतं. मधल्या दिवसांत आत औषध आणि वर तात्पुरतं सिमेंट असतं, त्या बाजूने चावायचं नाही. शेवटी मुळं गटापर्चाने, म्हणजे रबरासारख्या पदार्थाने, भरतात. नंतर काही दिवस चावताना ठणकतं, ते चालतं. गाल सुजला, ताप आला, गिळता येईना, तर थांबू नका. सूज-ताप नसेल तर अँटिबायोटिक मागून घेऊ नका. आणि ठणका आपोआप थांबला म्हणून उद्याचं रद्द करू नका. नस मेली की दुखणं थांबतं, जंतू मात्र मुळाखाली हाडापर्यंत जातात.
लवंगेचं तेल रात्रीपुरतं ठीक, आजोबा. कॅपचं काका बरोबर सांगतायत. पोकळ झालेली दाढ चिरली तर बऱ्याचदा काढावीच लागते.

*देशपांडे काका, ए-१०२:* संध्याकाळपासून मी वेगळं काय सांगतोय?

*सुलभा, बी-३०४:* मुग्धा, फार बरं वाटलं गं. यांना वाचून दाखवलं, जातो म्हणाले. बोर्डाला आमचा पाठिंबा समजा.

*पटवर्धन काकू, सी-२०१:* समजून काय करू? मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने विरोध तुमच्या ह्यांनीच केला होता.

*सेक्रेटरी:* विषय पुन्हा घ्यायचा असल्यास लेखी अर्ज द्यावा.

*निखिल, डी-५०३:* काकू, अर्ज उद्या दुपारीच द्या. दादांना बोलता येणार नाही.