यशिका इलेक्ट्रो ३५ आणि आगफा क्लिक ३ चालू करायचेत, काका म्हणतात कशाला

मांडवीकर

कपाटातून दोन कॅमेरे निघालेत: यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि आगफा क्लिक ३. भाचीला (वय १९) दोन्ही रोल घालून वापरायचेत. काकांचं म्हणणं, खिशात फोन असताना रोलवर पैसे कशाला, कॅमेरे शोकेसमध्ये ठेवा. यशिकात सेल नाही, मागच्या झाकणाच्या कडेला काळा चिकट थर आहे, आत रोल आहे की नाही कळत नाही. बडोद्यात घरच्या घरी काय तपासता येईल आणि कुठे हात लावू नये?

निगेटिव्हवाला

झाकण उघडू नका! डावीकडची रोल गुंडाळायची चावी फक्त घडीतून उलगडा आणि बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. वर ओढलीत तर झाकणच उघडेल. फिरवताना अडली तर आत रोल आहे. मग खालचं बारीक बटण दाबून गुंडाळत जा. एकदम हलकं लागलं की रोल डब्यात गेला. काळा-पांढरा निघाला (इंदू, ओर्वो वगैरे) तर जुना असला तरी धुवून बघण्यासारखा असतो. डब्यावर कोडाक्रोम लिहिलेलं असेल तर रंगांची आशा सोडा, तो रोल रंगीत धुवायची के-१४ प्रक्रिया २०१०च्या शेवटाला थांबली.

आता सेल. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल बाजारात नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घाला, तेवढ्या फरकाने एक्स्पोजर (रोलवर पडणारा उजेड) बिघडत नाही. हा आखूड आणि बारीक असतो, म्हणून भोवती पुठ्ठ्याची नळी करा आणि उरलेल्या जागेत धातूची स्प्रिंग बसवा. मागचं बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर सेलच्या खणातले पत्रे बघा. हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल.

यानंतर कान लावून लीव्हर ओढा. रोल पुढे नेताना आतून "टक्" असा स्पष्ट आवाज यायला हवा. नाही आला तर आतली रबराची छोटी गादी चुरा झाली आहे. या मॉडेलचा हा ठरलेला आजार. दिवे लागतात, शटर उडतं, आणि वेळ मात्र भलतीच पडते, त्यामुळे पहिला रोल धुऊन येईपर्यंत पत्ता लागत नाही. गादी बदलायला वरचं कव्हर काढावं लागतं, ते काम कारागिरालाच द्या.

चिकट थर म्हणजे उजेड अडवणारा, आता विरघळलेला फोम. दात कोरायच्या काडीला अल्कोहोल लावून खाचेतून खरवडा. शटरकडे एक कणही जाऊ देऊ नका. त्याच्या जागी खाचेत काळी लोकर बसते, बिजागरीपाशी दोन मिलिमीटरचा फोम.

अंधारखोली

वरच्या उत्तरात भिंगातली बुरशी राहिली. आत रोल नाही याची खात्री झाल्यावर झाकण उघडं, शटर बीवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण), बटण दाबून धरा आणि मागून फोनचा टॉर्च भिंगात पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. बाहेरून लेन्स क्लीनर फवारून ती जात नाही, उलट द्रव शटरच्या पात्यांवर उतरतो. आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवणं आजच बंद करा. बडोद्याच्या पावसाळ्यात तो केस ओल धरून बसतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बस.

क्लिक ३ मात्र आपल्याच गावचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बडोद्यातच बनवलेला. त्यात सेल नाही, उजेड मोजणारा मीटर नाही, बिघडायलाही फारसं काही नाही. १२० चा रोल, ६ बाय ६ चे बारा फोटो. दहा फुटांच्या आत जाऊ नका, धूसर येतं. शटर साधारण सेकंदाचा तिसावा भाग, त्यामुळे भर उन्हात १०० च्या रोलवरही (आकडा मोठा तेवढा रोल उजेडाला जास्त संवेदनशील) अडीच-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड पडतो. काळा-पांढरा निगेटिव्ह तेवढं सोसतो, ४०० चा रोल मात्र घालू नका. कमाटीबागेत झाडांच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशी याचं छान जमतं. मागची लाल काच काळ्या टेपने झाका, फक्त आकडा बघण्यापुरती उघडा.

मांडवीकर

धन्यवाद. आणि काकांना काय सांगू?

सुरसागरकाठ

काका खर्चाबद्दल चूक नाहीत, रोलचा खर्च खराच. पण रोल वाया जातो तो दोन्ही पिढ्यांच्या सवयींमुळे. तरुण माणूस यशिकाचा पिवळा बाण लागला तरी हातात धरूनच काढतो, कारण फोन हलला तरी सावरून घेतो. पिवळा म्हणजे शटर मंद, कॅमेरा टेकवा. आणि व्ह्यूफाइंडरमधून भिंगाची टोपी दिसत नाही, ती लावलेलीच राहते! मोठी माणसं उलटी: जपून जपून काढतात, गणपतीत घातलेला रोल होळीपर्यंत आतच. आमच्याकडच्या उकाड्यात काढलेली प्रतिमा फिकी पडत जाते. घातला की महिन्याभरात संपवा आणि लगेच धुवायला द्या.

मीटरही आंधळेपणाने मानू नका. सुरसागरातली सोनेरी शंकराची मूर्ती उन्हात चमकते, यशिका फसून फोटो काळवंडतो. तेवढ्यापुरता यशिकावरचा रोलचा आकडा ४०० चा २०० करा, मग परत आणा.

अंधारखोली

काकांना कामाला लावा. फुटांचा अंदाज या लोकांना पक्का असतो, क्लिकसाठी तोच लागतो. घरी धुणार असाल तर काळा-पांढरा रोल २० अंशांवर धुवा. मेमध्ये नळाचंच पाणी तापलेलं असतं, तेव्हा बादलीत बर्फ ठेवून बाटल्या त्यात उभ्या करा. पाणी २४च्या वर नको, आणि फिक्सर व धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं, नाहीतर जिलेटिनला सुरकुत्या पडतात. रंगीत निगेटिव्ह धुवायच्या सी-४१ प्रक्रियेला ३८ अंश लागतात, त्यात निम्मं काम ऊन करतं.

स्कॅन फोननेच करा. टॅबलेटवर पांढरा पडदा, निगेटिव्ह दोन-तीन सेंटिमीटर वर, नाहीतर पडद्याचे ठिपके येतात. निगेटिव्हवरची अक्षरं उलटी दिसली तर पट्टी पालथी आहे.