उथळ ट्रेमध्ये खडकाळ माळरान करायचंय: माती, दगड आणि पावसाळा?

ओसाडगावकर
पुण्यात पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारी कडक ऊन येतं. ४५ × ३० सें.मी.चा, ७ सें.मी. खोल सिमेंटचा ट्रे आणि काळ्या बेसाल्टचे सहा दगड आहेत. त्यात बोन्सायसारखं छोटं खडकाळ माळरान करायचंय: नर्सरीतली दोन जेड, एक अडेनियम आणि मधे हॉवर्थिया, एचेव्हेरिया (सगळी पाणी साठवणारी, रसाळ झाडं) लावायचा बेत आहे. खाली वाळूचा थर, वर बागेची माती आणि त्यावर पांढरी खडी, असं चालेल का?

कचखडी
वाळूचा थर अजिबात नको. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडकून राहतं. सात सें.मी.तले दोन वाळूत घालवले तर मुळं कायम ओल्यात. तळापासून वरपर्यंत एकच भरड मिश्रण भरा: ३ ते ५ मि.मी.ची कच (फोडलेल्या दगडाचे बारीक खडे) ५ भाग, तेवढेच बारीक विटांचे तुकडे ३ भाग, जुनं गांडूळखत २ भाग. कच आणि विटा चाळून, धुऊन घ्या. ती धूळच पुढे तळाशी बसते आणि निचरा बंद पाडते.

ट्रेला १२ मि.मी.ची निदान चार भोकं हवीत, त्यावर जाळी. झाड बांधायची तार भरण्याआधीच भोकांतून वर काढून ठेवा. इतक्या उथळ ट्रेत झाड वाऱ्याने डुलतं आणि कोवळी मुळं तुटतात. आणि हो, ट्रे जागेवर ठेवूनच भरा; दगडांसकट वजन सहज २५ किलोच्या घरात जाईल.

फत्तरप्रेमी
आधी दगड, मग झाडं. सगळ्यात मोठा दगड मधोमध न ठेवता एका कडेपासून एक तृतीयांश अंतरावर ठेवा, उंचीचा तिसरा भाग पुरलेला असू द्या. नुसता वर ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो. सगळ्या दगडांवरच्या रेघा एकाच दिशेला कलू द्या. सहाही वापरायलाच हवेत असं नाही. सारख्या उंचीचे सहा ओळीने मांडले तर चुलीचे दगड वाटतील.

पांढरी खडी विसरा, उन्हात डोळ्यांवर येते आणि काळ्या दगडाशी नातं सांगत नाही. त्याच बेसाल्टचा एक दगड गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा (चष्मा लावून). जाड तुकडे दगडांच्या पायथ्याशी, कडेकडे बारीक.

शेंडाछाट
नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळतं ते बहुतेकदा पोर्टुलाकारिया आफ्रा, दक्षिण आफ्रिकेतलं झुडूप. तिकडे हत्ती ते आवडीने खातात. लालसर खोड आणि सेंटिमीटरभर पानं असतील तर तेच. या ट्रेला तेच हवं. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा, त्याची पानं मोठी, त्यामुळे झाड झाडासारखं दिसत नाही. अडेनियमचीही तीच अडचण, शिवाय थंडीत ते पानं टाकतं आणि तेव्हा त्याला जवळपास कोरडं ठेवावं लागतं. वेगळ्या कुंडीत लावा.

हॉवर्थिया मोठ्या दगडाच्या पूर्वेला, म्हणजे दुपारी सावलीत राहील. एचेव्हेरिया दमट पावसाळ्यात सडते, वगळा.

जेडची फांदी पानांच्या जोडीच्या जरा वर छाटा, दोन्ही बगलांतून फुटवे येतात. आकार शक्यतो छाटूनच द्या. फांदी वाकवायला तार गुंडाळायचीच तर पाणी द्यायच्या आधी, कारण पाणी प्यायलेली फांदी काडकन मोडते. तार खोडात लवकर रुतते, दर आठवड्याला पाहा.

ओसाडगावकर
अडेनियम आणि एचेव्हेरिया बाद. लावल्यावर पाणी कधी? पावसाळ्यात ट्रे घरात घेऊ?

कचखडी
मुळं छाटली असतील तर पाच-सहा दिवस कोरडं, मग तळातून वाहेपर्यंत पाणी. पुढे जेडचं पान चिमटीत धरून बघायचं: टणक असेल तर थांबा, किंचित मऊ लागलं तर द्या. वार ठरवून पाणी घालू नका.

पावसाळ्यात घरात नको. उजेड कमी पडला की शेंडे लांबट होतात, पेरांतलं अंतर वाढतं आणि तो आकार परत येत नाही. बाल्कनीतच वर पारदर्शक पत्रा, बाजू मोकळ्या, ट्रेची एक कड सेंटिमीटरभर उचललेली. पानं पिवळी पडून गळायला लागली तर बुंधा दाबून बघा. मऊ, काळा लागला तर वरचा निरोगी भाग कापून आठवडाभर सावलीत सुकवा आणि नव्याने लावा. बुंधा टणक असेल तर बगलांत पांढरा कापूस दिसतोय का बघा. तो म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. लिटरला ५ मि.ली. कडुनिंबाचं तेल, थोडं साबणपाणी, फवारणी संध्याकाळीच.