ब्रेक लागला की निम्मे श्रोते पळतात?

वर कोणीतरी लिहिलंय की रेडिओवर जाहिराती लागल्या की निम्मे श्रोते बटण दाबून स्टेशन बदलतात. एवढं होत नाही. अमेरिकेत आर्बिट्रॉन या रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या कंपनीच्या २००६ च्या अभ्यासात ब्रेकच्या आधीच्या मिनिटाला जितके श्रोते होते, त्याच्या सरासरी ९२ टक्के ब्रेकमध्येही होते; २०११ मध्ये ९३. अर्थात त्यात मधेच नव्याने आलेलेही मोजले जातात, म्हणजे ९२ टक्के तीच माणसं असं नव्हे. ब्रेक लांबला की आकडा घसरतो, हेही खरं.

गोव्यात तर पळून जाणार कुठे? खाजगी वाहिन्या मोजक्या. एफएमवर ९२.७ वरून ९८.३ वर गेलात तर तिथेही बहुधा फर्निचरचा सेल चालू. पणजी-मडगाव बसमध्ये बटण ड्रायव्हरच्या हाती, प्रवाशांना विचारतो कोण!

खरा वैताग नुसत्या मिनिटांचा नसतो, जाहिरातींच्या संख्येचा असतो. आपल्याकडे दर १० सेकंदांवर ठरतो, त्यामुळे छोट्या जाहिराती खूप. तीन मिनिटांत १० सेकंदांच्या अठरा मावतात, आणि कानाला ब्रेक आहे त्याहून लांब वाटतो. त्यात आवाज कॉम्प्रेस केलेला, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी केलेला. मीटरवर सर्वोच्च पातळी गाण्याइतकीच, पण जाहिरात अंगावर येते. लोक मग स्टेशन न बदलता आवाजच कमी करतात.

म्हापशाच्या दुकानदाराने स्पॉट, म्हणजे जाहिरातीची वेळ, घेताना फक्त दर विचारू नये. ब्रेकमधली पहिली जागा मिळेल का, हे विचारावं, आणि एकाच तासात तीच जाहिरात तीनदा लावू नका असं लेखी घ्यावं.