रोबोटिक्स क्लासच्या रीलला बघणारे भरपूर, पालकांची चौकशी मात्र शून्य

जोडणीवाली:
शाळा सुटल्यावर पाचवी ते आठवीच्या मुलांचा क्लास घेते. स्क्रॅच (ठोकळे जोडून कोडिंग), मायक्रोबिट (दिवे असलेला छोटा सर्किट बोर्ड), मोठ्यांना थोडं आर्डुइनो (तसाच, पण जरा अवघड बोर्ड). दीड महिन्यात अकरा रील टाकल्या. साचा एकच: रोबो काळ्या पट्टीवरून पळतोय, मागे दणदणीत संगीत, शेवटी ‘प्रवेश सुरू’. बघणारे खूप, पण कमेंटमध्ये सगळी पोरंच. ‘मोटर कुठली वापरली?’ पालकाचा मेसेज आला तो एकच, ‘ही खेळणी विकता का?’ एडिटिंगपायी रात्री जागवल्यात हो मी. चुकतंय कुठे?

दोघांची_आई:
रागावू नका, पण अशी रील मी अंगठ्याने पुढे ढकलते. रोबो पळाला, छान. त्यात पोरं कुठे होती? आम्हाला एवढंच बघायचं असतं, की हा तिथे दीड तास करतो काय आणि घरी स्क्रीनला चिकटून बसतो त्याहून ते वेगळं कसं.

मी लेकाला क्लासला घातलं ते एका व्हिडिओमुळे. एक मुलगी चालत्या गाडीपुढे हात धरते. गाडी थांबायला हवी, ती येऊन धडकते. मुलगी लॅपटॉपकडे बघते, पुटपुटते, ‘अय्या, २० सेंटीमीटरच्या जागी २ टाकलंय.’ शून्य वाढवते, पुन्हा हात धरते, गाडी थांबते. संपला व्हिडिओ. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण आपली चूक आपण शोधली की चेहऱ्यावर काय येतं, ते कळलं.

रिकामी_बॅटरी:
ताईंशी सहमत. आठ वर्षं हेच करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

अशी चूक ठरवून मिळत नाही. तास सुरू होतानाच मोबाईल स्टँडवर उभा लावून चालू करा आणि विसरून जा. तासाभरातून कामाची तीस सेकंदं निघाली तरी खूप. यूट्यूब शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात म्हणून ताणू नका.

मायक्रोबिटवरचे २५ दिवे खरं तर एकदम पेटलेले नसतात, ओळीओळीने लुकलुकत असतात. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. मग पोराने काढलेलं बदाम व्हिडिओत अर्धंच दिसतं. मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/३० सेकंदावर आणा. लॅपटॉपचा स्क्रीन मोबाईलने टिपू नका, लाटा दिसतात. स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या.

आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ, तेव्हा मुलाचं वाक्य अक्षरात हवंच. तेही मधोमध किंवा थोडं वर. खाली ॲपचा मजकूर येतो, उजवीकडे बटणं.

यूट्यूबवर ‘मेड फॉर किड्स’ निवडताना विचार करा. व्हिडिओत मुलं असली तरी तो पालकांसाठी आहे. ते निवडलंत की कमेंट बंद, मग आईबाप विचारणार कुठे?

आणि लेखी परवानगीशिवाय चेहरा नाही. मी खांद्यामागून हात टिपतो. गणवेशावरचा बिल्ला, वहीवरचं नाव फ्रेममध्ये आलं तर तो तुकडा बाद.

शेवटचा_बाक:
मला हे रील प्रकरणच पटत नाही. आमच्याकडे नवीन मुलं जुन्या पालकांच्या सांगण्यावरूनच येतात. तोच व्हिडिओ त्या मुलाच्या आईला आधी पाठवा. ती तो मावश्या-आत्यांपर्यंत पोचवेल, तुमचं अल्गोरिदम बसलंय बघत.

जोडणीवाली:
तीन आठवड्यांनी सांगते. परवानगीपत्रं भरून घेतली, संगीत काढलं. सहावीतल्या एकाचा रोबो गोल गोल फिरत होता. त्याने वाकून बघितलं, एका मोटरच्या तारा उलट्या जोडलेल्या. वायर बदलताना त्याची बोटं थरथरतायत, तेवढंच आहे व्हिडिओत. सव्वीस सेकंदं. आधी त्याच्या आईला पाठवला. लाइक जुन्या रीलच्या पावपटही नाहीत, पण चार पालक येऊन बसून गेले, दोघांनी नाव घातलं. तिसऱ्यांनी विचारलं, ‘घरी काही बिघडलं तर आम्हाला दुरुस्त करावं लागतं का?’

@रिकामी_बॅटरी, तुमचं ऐकायला हवं होतं. पहिल्यांदा तो फिरला तेव्हा मोबाईल माझ्या पर्समध्ये. म्हटलं, ‘बाळा, पुन्हा एकदा चुकव ना.’ तर म्हणतो, ‘मॅडम, आता कळलंय, मुद्दाम कशाला चुकवू?’ शेवटी त्याचं पाणी प्यायला जाणं बघून तारा मीच उलट्या केल्या. त्याला अजून माहीत नाही.