सध्या काय वाचताय? माझं रात्री खून आणि दिवसा आहार असं चाललंय

सुगरण_नाही_मी:
लोकहो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बॉर्डरवर आली तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाने एकेक डाएटचं पुस्तक हातात दिलंय, ती दिवसा वाचते आणि मग डोक्याला उतारा म्हणून रात्री रहस्यकथा. आधी माझं सांगते मग तुम्ही तुमचं सांगा.

खून खात्यात सध्या फेलूदा. सत्यजित राय यांचा बंगाली डिटेक्टिव्ह, अशोक जैनांनी मराठीत आणलाय तो. इतकी वर्षं कसा काय राहून गेला देव जाणे. त्यातली वेरूळची गोष्ट मला सगळ्यात आवडली, भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं डोकं चोरीला जातं आणि त्याचा माग काढत ही मंडळी थेट औरंगाबादला येतात. कैलास लेणं आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत "लाइन मोडू नका रे" ऐकत बघितलेलं, आणि इथे वाचताना प्रत्येक खांबाआड कोण उभं असेल याची धाकधूक. मुडदा पडतो पण रक्ताची थारोळी नाहीत, कोणाच्या बायकोवर अत्याचार नाहीत, हल्लीच्या वेब सिरीजनंतर फार बरं वाटतं. आणि फेलूदाला कोलकात्याच्या न्यू मार्केटची डालमूट, म्हणजे फरसाणच, लागते, म्हणजे हेल्दी खाण्याच्या नावाने तिथेही बोंबच.

आहारात डॉ. दीक्षितांचं 'विनासायास वेटलॉस' वाचलं. दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको, ४५ मिनिटं चाला. नियम एवढेच असल्यामुळे पुस्तक पटकन वाचून होतं आणि लक्षातही राहतं. त्यावर लगेच वहिनीने ऋजुता दिवेकर दिली, ती म्हणते दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. गंमत अशी की जे हातात असतं ते पटतं. मुलगा म्हणतो आई तू ज्युरीवर बसू नकोस.

काळा_पहाड_परत_आला:
फेलूदा मस्तच, पण ताई आपल्या बाबूराव अर्नाळकरांना विसरलात की काय! हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार, धनंजय, काळा पहाड. आमच्या वडिलांच्या पिढीने लायब्ररीत नंबर लावून वाचलेत. मी मध्यंतरी जुन्या प्रती मिळवून परत वाचायला घेतल्या, खरं सांगायचं तर रहस्य कधीकधी दहाव्या पानावरच कळतं, आणि योगायोग तर इतके की विचारू नका, पण वेग! एक वाक्य फालतू नाही, दार उघडलं, दिवा गेला, पिस्तुलाचा आवाज, प्रकरण संपलं, पुढचं प्रकरण. आत्ताचे लेखक इन्स्पेक्टरचा घटस्फोट आणि त्याचं बालपण सांगण्यात शंभर पानं घालवतात तेव्हा बाबूराव आठवतात.

सुहास शिरवळकरांचं पण तेच. लोकांना फक्त दुनियादारी माहीत, त्यांच्या रहस्यकथांचे नायक दारा बुलंद आणि फिरोझ इराणी वाचलेले आता कमीच. आहाराबद्दल मला विचारू नका, मी मिसळवाला माणूस.

गोळीवाले_काका:
मेडिकलचं दुकान आहे त्यामुळे दोन्ही विषय माझ्याच काउंटरवरचे समजा 😄

मी सध्या अगाथा ख्रिस्ती पहिल्यापासून क्रमाने वाचतोय. बाईंनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलमध्ये औषधं बनवायच्या खोलीत काम केलेलं, आणि ते दिसतं. १९२० ची पहिली कादंबरी, 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स', त्यात स्ट्रिक्निनचं टॉनिक आहे, त्यात ब्रोमाइडची पूड पडली की स्ट्रिक्निन खाली बसतं, म्हणजे सगळं विष बाटलीच्या शेवटच्या डोसात. कोणी मुद्दाम विष पाजायला नकोच, बाटली संपत आली की काम होतं. हे शास्त्रात शंभर टक्के बसतं, त्या काळी फार्मसीवाल्यांच्या मासिकानेसुद्धा कौतुक केलेलं. "अज्ञात विष, मागमूस नाही" असल्या पळवाटा बाई काढत नाहीत म्हणून मला आवडतात.

आहाराचं म्हणाल तर मी एकच गोष्ट सुचवेन, हैदराबादच्या एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्था) आहाराची मार्गदर्शक पुस्तिका. २०२४ ची नवीन आवृत्ती आहे, १७ सूचना, इंग्रजीत आहे पण फुकट. लेखनाला चव शून्य, पण माहिती कामाची. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही, हे त्यात आहे. माझ्याकडे लोहाच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या निम्म्या बायका गोळी चहाबरोबर घेतात आणि मग म्हणतात हिमोग्लोबिन वाढतच नाही.

आणि ताई, तुम्हाला शुगरची गोळी चालू झाली असेल तर दोन जेवणाचा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा, उपाशीपोटी शुगर फार खाली जाऊ शकते.

रविवारी_वाचणारी:
काका!!! स्पॉयलर अलर्ट नावाचा काही प्रकार असतो. शेवटचा डोस सांगून टाकलात, ते पुस्तक माझ्या उशाशी आहे, चाळीसच पानं झाली होती.

गोळीवाले_काका:
अहो पुस्तक १९२० चं आहे, शंभर वर्षं वाट बघितली की! आणि कोणी केलं ते कुठे सांगितलंय, कसं ते सांगितलं फक्त.

रविवारी_वाचणारी:
"कसं" हाच तर अर्धा मजा असतो. असो, सूड म्हणून मी माझ्या पुस्तकाचं काहीच फोडणार नाही. केइगो हिगाशिनोचं डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स. तोक्यो, शेजारी राहणारा गणिताचा मास्तर रोज सकाळी एका बेन्तोच्या दुकानातून डबा घेतो कारण तिथे काम करणारी बाई त्याला आवडते. खून कोणी केला हे सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर होतं. तरी शेवटापर्यंत पुस्तक ठेववत नाही, आणि शेवटी काय होतं ते मेले तरी सांगणार नाही. काळा पहाडदादा, तुम्ही नक्की वाचा, इन्स्पेक्टरचं बालपण नाहीये.

डाएटच्या पुस्तकांबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. ती सगळी एकट्या माणसासाठी लिहिलेली असतात. दोनदा जेवा म्हणे, पण सासरे सकाळी अकराला जेवणार, मुलगी क्लासवरून साडेआठला, नवरा दहाला, आणि प्रत्येक वेळी पोळी तव्यावरून गरम. वाढणाऱ्या बाईने नुसतं बघत बसायचं का? यावर प्रकरण कोणीच लिहीत नाही.

वरणभात_झिंदाबाद:
+१ वरच्या शेवटच्या परिच्छेदाला, फक्त आमच्याकडे वाढणारा मी आहे.

काकांनी सांगितलेली पुस्तिका मी पाहिलीय, त्यात दोन हजार कॅलरीचं एक ताट दिलंय, दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, तेल-तूप वगैरे सगळं मिळून २७ ग्रॅम. माणशी! आमच्याकडे चौघांत अर्धा किलो भेंडी आणतो आणि भाजी भरपूर झाली म्हणतो. मग तेलाचा हिशोब केला, चौघांचं महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास बसायला हवं, आणि आमचा पाच लिटरचा डबा पंचवीस तारखेलाच तळ दाखवतो, तूप वेगळंच. बायकोला सांगितलं तर म्हणाली दिवाळी झाल्यावर बघू. दीक्षित की दिवेकर या भांडणात मी पडत नाही, दोघंही कॅलरी मोजायला लावत नाहीत आणि चहाबरोबरचा बिस्किटाचा पुडा दोघांच्याही हिशोबात बसत नाही, तेवढं तरी सगळ्यांनी करायला हरकत नाही.

रहस्यकथेत मी अजून ब्योमकेश बक्षी या बंगाली डिटेक्टिव्हवरच अडकलोय, ९३ ला दूरदर्शनवर त्या भूमिकेत रजित कपूर बघितल्यापासून दुसरं कोणी डोळ्यासमोर येतच नाही.

सुगरण_नाही_मी:
बापरे, एका रात्रीत एवढं! काका, गोळी अजून चालू नाही, पण विचारून घेते. रविवारी_वाचणारी, तुमचा वाढणाऱ्या बाईचा मुद्दा वहिनीला वाचून दाखवला, तिने टाळ्या वाजवल्या. बिस्किटं आजपासून बंद, चहा चालू.

काळा पहाडदादा, अर्नाळकरांच्या जुन्या प्रती नेमक्या कुठे मिळाल्या ते सांगा ना, आमच्या वाचनालयात विचारलं तर तिथल्या मुलीने "कोण?" असं विचारलं.

काळा_पहाड_परत_आला:
रद्दीवाल्याकडे ताई. माझ्याकडच्या चार-पाच पाठवतो, पण वाचून परत हव्यात हां. पानं पार पिवळी झालीत, तेलाचा हात लावू नका, २७ ग्रॅमवाला पण नको.