'बर्नआउट'ला आपल्याकडे काय म्हणाल?

बेळगाव: तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशन करते. कामाच्या ताणानं माणूस आतून रिता होतो, त्या 'बर्नआउट'वर सहकाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहितेय. 'बर्नआउट'ला 'कार्यथकवा' लिहिलं, पण पटत नाही. थकवा दोन दिवस झोपलं की जातो. हे सुट्टीवरून आल्यावर पहिल्याच पेशंटसमोर परत येतं.

खानापूर: 'बेजार' म्हणा की ओ ताई. मराठी, कन्नड दोन्ही घरांत कळतंय.

निपाणी: कळतं, पण सारखं नाही. कन्नडात 'बेजार' म्हणजे कंटाळा, वाईट वाटणं. पेशंटही तेच सांगत येतो. 'सुस्त'चंही तसंच. कन्नडात 'सुस्तु' म्हणजे दमणूक, मराठीत सुस्त म्हणजे आळशी. राबून दमलेल्या माणसाला तो शब्द लागेल.

धारवाड: एका शब्दात हे मावणार नाही. 1974 साली फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या कामकऱ्यांबद्दल 'बर्नआउट' लिहिलं. 1981 मध्ये मॅस्लॅक आणि जॅक्सन या संशोधकांनी ते मोजायची प्रश्नावली केली. तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या धरल्यात: मन रितं होणं, समोरच्याला माणूस म्हणून न बघणं, आपल्या कामाचा उपयोग नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनंही याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. तेव्हा नावात 'रोग', 'विकार' नको.

पहिलीला 'बेजार' चालेल. तिसरीला आपल्याकडे तयार बोली आहे: 'माझ्या हाताला गुणच राहिला नाही.' मला काळजी दुसरीची वाटते. तिला मी 'निबर होणं' म्हणेन, भेंडी निबर होते तसं. पेशंटला झळ इथेच बसते. निबर झालेला समुपदेशक दुसरा प्रश्न विचारत नाही. 'झोप लागत नाही' ऐकलं की 'गोळी वेळेवर घ्या'. झोप का लागत नाही, ते राहून जातं. जीव द्यायचा विचार येतो का, हे फॉर्म भरल्यासारखं विचारलं की बाई 'नाही' म्हणते आणि उठते. पुढच्या तारखेला ती येईलच असं नाही.

खानापूर: पण 'निबर' शिवीसारखा लागतोय. नव्या पोरींना म्हणवत नाही.

धारवाड: खरं आहे. म्हणून दुसऱ्याला लावायचा नाही. 'मन निबर व्हायला लागलंय का?' असं ज्यानं त्यानं स्वतःला विचारायचं. आणि टिपणात हेही लिहा, की एकामागून एक पेशंट, मधे श्वास घ्यायला वेळ नाही, जड केस कुणाशी बोलायची सोय नाही, अशात कुणीही निबर होतं. दोष त्या पोरीचा नाही.

बेळगाव: मथळ्यात 'बर्नआउट'च ठेवते, आत हे तिन्ही. वरिष्ठांना द्यायच्या प्रतीत जड केसवर बोलायला आठवड्याला एक तास मागते.