मदत हवी आहे: १९५० च्या शेवरले ३१०० पिकअपवर उन्हाने खाल्लेला रंग १/२५ प्रमाणात कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी,

जुन्या अमेरिकन ट्रकांची मॉडेल्स करणारं इथे कोणी असेल तर मार्गदर्शन हवं आहे. सध्या टेबलावर शेवरलेचा १९५० सालचा ३१०० पिकअप आहे. १/२५ प्रमाण, प्लॅस्टिकचा किट. सांगाडा, इंजिन, केबिन, हौदा सगळं जोडून झालंय. अडलंय ते रंगावर, आणि तेही मुख्यतः टप, बॉनेट आणि मडगार्डांच्या वरच्या अंगावर.

आधी ट्रक कुठला ते सांगते, कारण प्रश्न त्यातूनच निघाला आहे. माझी मावसबहीण कोलोरॅडोत पुएब्लोला असते. तिथून हायवे ५० ने पूर्वेला गेलं की रॉकी फोर्ड लागतं, खरबुजांसाठी नावाजलेलं गाव. त्या भागात एका शेताच्या बांधाला कैक वर्षं उभ्या असलेल्या ३१०० चे तिने मला भरपूर फोटो पाठवले. मूळ रंग फॉरेस्टर ग्रीन, म्हणजे तेव्हा या ट्रकांना सर्रास मिळणारा गडद हिरवा. आज टप जवळजवळ पूर्ण तपकिरी आहे. पण कुठे खरवडलेलं नाही, पोपडे नाहीत. टपाच्या मध्यावर गंज, थोडं खाली आलं की गंजात मिसळलेली प्रायमरची करडी झाक, मग खडूसारखा फिकट हिरवा, आणि दाराच्या खालच्या अर्ध्यात अजून शाबूत असलेला गडद हिरवा. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

पत्रा मात्र सगळीकडे धड आहे. गंजून पडलेलं भोक एकही नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडचे ट्रक खालून सडतात: केबिनचे मागचे कोपरे, दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा. पूर्व कोलोरॅडोत पाऊस वर्षाला चाळीस सेंटीमीटरच्या आसपास. तिथे ट्रक वरून जातो. त्या काळच्या रंगावर क्लिअरकोट, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर, नसायचा. उन्हाने रंगातलं बांधून ठेवणारं द्रव्य मरतं, रंगद्रव्याची भुकटी मोकळी होते, वारा आणि दव ती घेऊन जातात, रंगाचा थर पातळ होत होत शेवटी पत्रा उघडा पडतो. गंज कुठे बसलाय यावरून ट्रकने आयुष्य कुठे काढलं ते कळतं. मॉडेलमध्ये मला नेमकं तेच दिसायला हवं आहे. यूट्यूबवर जे धडे सापडतात ते बहुतेक सगळे सडलेल्या ट्रकांचे आहेत, भोकं कशी पाडायची आणि पोपडे कसे काढायचे याचे.

मी हेअरस्प्रेची पद्धत जुन्या बॉनेटवर करून पाहिली. खाली गंजाचा रंग, वर हेअरस्प्रेचे दोन हात, त्यावर ॲक्रिलिक हिरवा, मग कोमट पाणी लावून ब्रशने घासणं. रंग निघतो, पण टवके उडतात आणि त्यांच्या कडा धारदार दिसतात. १/२५ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या ट्रकवर अडीच सेंटीमीटरचा. रॉकी फोर्डच्या टपावर तसं काहीच नाही.

तर मुख्य प्रश्न: धार न दिसता, हळूहळू विरत जाणारा हा बदल कसा आणायचा?

दुसरा प्रश्न काचेचा. पुढची काच दोन तुकड्यांची आहे आणि दोन्ही तुकडे कडेने दुधाळ, पिवळट झालेत. ते कसं दाखवू?

तिसरं, मी डोंबिवलीत राहते आणि सध्या पाऊस आहे. एअरब्रशने लॅकर (थिनरवर चालणारा, पटकन वाळून कडक होणारा रंग) मारला की पांढुरकं सावट येतं. थांबावं का?

फोटो जोडले आहेत. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: पाटा_आणि_पत्रा

धागा वाचूनच बरं वाटलं, आधी खऱ्या ट्रककडे बघून मग ब्रश उचलणारे कमी असतात. ताई, हिरवा कोणत्या जातीचा आहे आणि पातळ कशाने केला? हेअरस्प्रेवरचा रंग पाण्याने पातळ केलेला असला तर बारीक निघतो. लॅकर थिनरने पातळ केला की कडक होतो आणि मग निघताना मोठाले टवके घेऊन निघतो.

धागाकर्ती

पाण्यानेच पातळ केला होता आणि तासाभरात घासला. टवके लहान होते, पण कडा होत्याच.

प्रतिसाद: पाटा_आणि_पत्रा

मग पद्धत बदला. हेअरस्प्रे टवक्यांसाठी आहे: फाळक्याची कड, हौद्याची आतली बाजू, पायरी, जिथे खोकी आपटली, बूट घासले. ऊन टवके काढत नाही, थर झिजवतं. तुम्हीही थर झिजवा.

असं करा. सगळ्यात खाली गंज, लॅकरमध्ये, दोन हात. एकच तपकिरी नको, तीन-चार छटा स्पंजने टिपून घ्या. तो पूर्ण वाळू द्या, घाई नको. त्यावर करड्या प्रायमरचा अगदी पातळ हात. त्यावर हिरवा, ॲक्रिलिक, तोही पातळ. खालचा थर वरच्यापेक्षा कडक असलाच पाहिजे, सगळी मेख तिथे आहे. दोन दिवसांनी २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून, बोटाला गुंडाळून, टपाच्या मध्यावर हलक्या हाताने गोल फिरवा. आधी हिरवा फिकटेल, मग करडं दिसेल, मग तपकिरी. किल्ल्याच्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारखी कडी उमटतात, आणि ३००० चा पेपर फिरवला की तीही एकमेकांत विरतात. या ट्रकची केबिन वरून गोलसर असल्यामुळे कागद आपोआप उंचवट्यावर जास्त आणि उतारावर कमी लागतो. उनाचंही तसंच होतं.

बॉनेटचा मधला कणा आणि मडगार्डांचे माथे जपा, तिथे पटकन प्लॅस्टिकपर्यंत पोहोचायला होतं. आणि घासल्यावर गंज चकाकतो, म्हणून शेवटी मॅट वार्निश मारून वर पिगमेंटची भुकटी चोळा.

प्रतिसाद: उत्तरायण

वरच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो. तो ट्रक वर्षानुवर्षं एकाच जागी उभा आहे ना? मग त्याचं तोंड कुठे आहे ते बहिणीला विचारा. रॉकी फोर्ड ३८ अंश उत्तरेला आहे, तिथे सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला. दक्षिणेकडचं दार आणि मडगार्ड दुसऱ्या बाजूपेक्षा नक्की जास्त फिकट असणार. दोन्ही बाजू सारख्याच झिजवल्या तर मॉडेल सुंदर दिसेल, पण उभं राहिलेलं वाटणार नाही.

धागाकर्ती

हे डोक्यात आलंच नसतं! फोटो पुन्हा पाहिले. तोंड पूर्वेला आहे, म्हणजे चालकाची बाजू उत्तरेला. त्या दारावर खरंच हिरवा जास्त आहे, आणि प्रवाशाच्या बाजूला दाराच्या मधोमधसुद्धा करडं उघडं पडलंय. मी तो फरक प्रकाशाचा समजत होते.

प्रतिसाद: शिवडी_फाटक

थोडं अवांतर. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना आपल्या शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत होता, तिथून शेवरले गाड्या आणि ट्रक निघायचे. त्यामुळे पुढेमागे एखादा उजव्या स्टिअरिंगचा, मुंबईच्या खाऱ्या हवेत जुना झालेला शेवरले ट्रकही करा अशी मनापासून विनंती. त्याचा गंज अगदीच वेगळा असेल.

किटबद्दल: दारांच्या काचांना पुढे ती तिकोनी हलणारी काच नाही ना, हे पाहून घ्या. ती १९५१ पासून आली. आणि जाळीच्या आडव्या पट्ट्या पाच हव्यात.

धागाकर्ती

दोन्ही तपासलं, बरोबर आहे. दोन चाकांमधलं अंतरही मोजलं. खऱ्याचं ११६ इंच, म्हणजे १/२५ मध्ये ११८ मिलिमीटर. किटचं जुळतंय. शिवडीच्या ट्रकची कल्पना फार आवडली, त्यावर वेगळा धागा काढू.

प्रतिसाद: तैलरंग

घासून झाल्यावर दारांसाठी तैलरंग वापरा. कॅम्लिनचे साधे चालतात. रंग पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा, म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चकाकत नाही. पांढरा, पिवळी माती, फिकट निळा आणि किंचित तांबडी माती यांचे बारीक ठिपके दारावर द्या, ब्रश टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओला करून वरून खाली ओढा. नुसत्या पांढऱ्याने फिकटवू नका, हिरवा आजारी दिसतो. टपावर मात्र ओढायचं नाही, टिपायचं. पाणी टपावर थांबतं आणि दारावर वाहतं. दाराच्या वरची जी पन्हाळी आहे तिच्या मागच्या टोकाशी गंजाचा एक बारीक ओघळ द्या, तिथूनच पाणी गळतं.

हौद्याच्या फळ्या कशा करताय? आइसक्रीमच्या काड्या नकोत. त्यांचे रेषे १/२५ ला फार जाड दिसतात. प्लॅस्टिकच्या पट्टीवर सुईने रेघा ओढून रुपेरी करडा रंग द्या. मधल्या लोखंडी पट्ट्या तपकिरी.

प्रतिसाद: काचकाम

काचेचं सांगतो. ती दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा घालून केलेली असते. कडेने ओलावा शिरला की थर सुटतात आणि दुधाळ होतात. म्हणून डाग नेहमी कडेकडून आत येतो, मध्ये कधीच सुरू होत नाही. किटची काच जाड असेल तर पातळ पारदर्शक शीट कापा. ग्लॉस वार्निशमध्ये पांढऱ्याचा आणि पिवळ्या मातीचा अगदी थेंबभर अंश घालून, जुन्या ब्रशच्या टोकाने आतल्या बाजूने कडेवर टिपा. कड वेडीवाकडी ठेवा. खालच्या कोपऱ्यात जास्त.

टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर आणखी एक. त्यांच्यातलं द्रव्य काही वर्षांनी प्लॅस्टिकच्या रिमला खातं. बसवण्याआधी रिमवर प्लंबरकडची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा.

प्रतिसाद: पाटा_आणि_पत्रा

पावसाचं राहिलं. लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतं, हवेतली वाफ तिथे धरते, तेच ते सावट. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर मिळालं तर त्यात थोडं घाला आणि कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतला ओलावा अडवणारी डबी) लावा. पण गंजाचा थर तुमच्या सगळ्या कामाचा पाया आहे, तो मी तरी भर पावसात मारणार नाही. ॲक्रिलिकची कामं आधी उरका: इंजिन, आतली सीट, फळ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, धाग्याची वाखु (वाचनखूण) साठवली आहे. लॅकर सप्टेंबर संपल्यावरच. तोवर जुन्या बॉनेटवर ब्रशने थर देऊन २००० चा कागद फिरवून पाहते आणि फोटो इथेच टाकते. फळ्यांसाठी प्लॅस्टिकची शीट किती जाडीची घ्यावी, ०.५ की १ मिलिमीटर?

प्रतिसाद: तैलरंग

१ घ्या. ०.५ ची रेघा ओढताना वाकते.